सुफी गुरूच्या शब्दावर मतं पडतात का? सेनेगलच्या मुरीद पंथाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सुफी म्हटलं की आपल्याला कव्वाली, उरूस आणि सर्व धर्मांच्या लोकांची दर्ग्यावरची गर्दी आठवते. मग सेनेगलमध्ये सुफी गुरू सांगतील त्याला लोक मत देतात, राष्ट्राध्यक्ष त्यांच्यापुढे गुडघे टेकतात, हे कसं? आणि ते खरं असेल तर 'सुफी म्हणजे मवाळ आणि राजकारणापासून लांब' हे आपल्याकडे जे सांगतात त्याचं काय?

मी तुलनात्मक राजकारण शिकवतो आणि सेनेगलच्या भुईमूग पट्ट्यात बराच काळ क्षेत्रकाम केलं आहे. त्यामुळे उत्तर मुरीद पंथाला धरून देतो. तिथे जे दिसतं ते मोरोक्कोत किंवा पाकिस्तानात तसंच दिसेल असं नाही. बरंचसं त्या त्या देशाच्या जमिनीवर, पिकावर आणि सरकारवर अवलंबून असतं. त्याबद्दल शेवटी बोलू.

आधी आपली एक अडचण. महाराष्ट्रात सुफी परंपरा आपल्याला भेटते ती दर्ग्यातून. हाजी अली घ्या, माहीमचे मखदूम शाह बाबा घ्या, तिथला पीर कबरीत आहे. नवस बोलायचा, चादर चढवायची, तबर्रुक, म्हणजे प्रसाद, घ्यायचं आणि लोकल पकडून घरी यायचं. माहीमच्या उरुसात मुंबई पोलिसांच्या संदलचा मान असतो, पण म्हणून दर्गा कुणाला निवडून आणत नाही. सेनेगलमध्ये कबरीवर गर्दी असतेच, शिवाय पीर जिवंत असतो. त्याला शेती असते, शिष्यांच्या शाखा असतात, मंत्र्याचा नंबर असतो. तिथे अशा गुरूला माराबू म्हणतात, शिष्याला तालिबे, आणि पंथप्रमुखाला खलीफा. तेव्हा 'सुफी राजकारणात का आले' हा प्रश्न तिथल्या माणसाला विचारला तर तो बुचकळ्यात पडतो. एवढी माणसं, एवढी जमीन आणि एवढं पीक ज्याच्या हाताखालून जातं तो राजकारणाबाहेर राहणार कसा?

मुरीद पंथ उभा राहिला तो जुनी राज्यं कोसळत असताना. १८८६ मध्ये फ्रेंचांशी लढताना कायोरचा राजा लात जोर मारला गेला आणि वोलोफ भाषकांच्या मुलखाची घडी विस्कटली. सैनिक, गुलाम, गरीब शेतकरी, सगळेच उघड्यावर पडले. त्याच सुमारास आमादू बाम्बा नावाच्या धर्मपंडिताभोवती माणसं जमू लागली. त्यांचे वडील लात जोरकडे काझी होते, पण बाम्बा दरबारापासून चार हात लांबच राहिले. १८८७ च्या आसपास त्यांनी माळरानात तूबा वसवलं. त्यांनी शस्त्र कधी उचललं नाही, तरी एका माणसाभोवती एवढी गर्दी होते याचीच फ्रेंचांना धास्ती वाटली. १८९५ मध्ये त्यांना गॅबॉनला हद्दपार केलं, १९०२ मध्ये परत आणलं, लगेच १९०३ मध्ये मॉरिटानियाला धाडलं. १९०७ मध्ये ते परत आले ते नजरकैदेत राहण्यासाठीच. १९१२ पासून १९२७ मध्ये निधन होईपर्यंत ते जुर्बेल गावी सरकारच्या नजरेखाली राहिले. हद्दपारीने त्यांचा प्रभाव ओसरेल हा हिशेब पुरता फसला. ज्या तिथीला ती हद्दपारी सुरू झाली, त्या इस्लामी सफर महिन्याच्या १८ तारखेला आजही तूबात मगाल हा उत्सव भरतो आणि अर्धा देश तिकडे लोटतो.

बाम्बांचा सर्वपरिचित असा एकच फोटो आहे, १९१३ चा. पांढरा झगा, तोंडावरून ओढून घेतलेला पांढरा रुमाल, उन्हामुळे डोळ्यांवर पडलेली काळी सावली. डाकारमध्ये हा चेहरा बसच्या पाठीवर दिसतो, शिंप्याच्या दुकानात दिसतो, मोबाईलचं रिचार्ज देणाऱ्या टपरीवर दिसतो. फ्रेंचांनी ओळख पटवण्याच्या हेतूने काढलेल्या फोटोची अशी गत झाली!

आता भुईमूग. हा भाग जरा लांबण लावून सांगतो, कारण राजकारणाची किल्ली इथेच आहे.

मुरीद शिकवणीत श्रमाला उपासनेइतकं मोल आहे. इब्रा फॉल हा बाम्बांचा शिष्य या बाबतीत टोकाचा. त्याने गुरूची सेवा आणि काबाडकष्ट हाच आपला धर्म मानला. गोधडीसारखे ठिगळांचे कपडे आणि केसांच्या जटा घेऊन फिरणारे 'बाय फॉल' त्याचेच अनुयायी. माराबू तरुण, अविवाहित शिष्यांची टोळी घेऊन पूर्वेकडच्या ओसाड भागात जायचा, तिथे 'दारा', म्हणजे शिष्यांची शेतवस्ती, वसवायचा, झाडोरा तोडून जमीन लागवडीखाली आणायचा. काही वर्षं गुरूसाठी राबल्यावर शिष्याला त्यातली जमीन मिळायची, मग लग्न, मग गाव. गावकरी झाल्यावरही बुधवारी गुरूच्या शेतावर काम करायची रीत होती, 'बुधवारचं शेत' असंच त्याला म्हणत. पीक अर्थातच भुईमूग. तेलासाठी तो फ्रान्सला जायचा आणि वसाहतीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा होता. ज्या बाम्बांना आपण हद्दपार केलं त्यांचेच शिष्य आपली तिजोरी भरताहेत हे फ्रेंचांच्या लक्षात आल्यावर त्यांचा सूर बदलला. पहिल्या महायुद्धात तर सैन्यभरतीसाठी त्यांना बाम्बांचीच मदत लागली.

मराठी वाचकाला हे समजायला सहकारी साखर कारखान्याचा चेअरमन डोळ्यांपुढे आणला तरी पुरे. उसाची तोड कधी मिळणार, सोसायटीचं कर्ज कुणामुळे मंजूर होणार, पोराला कुठे चिकटवायचं आणि तालुक्यात मत कुणाला, हे सगळे दोर एकाच हातात. माराबूचंही तेच: बियाणं, औजारं, जमीन, सरकारी कर्ज आणि पोलीस ठाण्यातली शिफारस. फरक असा की चेअरमन निवडणुकीत पडू शकतो. माराबूची गादी वारशाने चालते, आणि परलोकातली शिफारसही त्याच्याकडेच असते.

हे ध्यानात घेतलं की सेनेगलच्या राजकारणातलं पहिलं कोडं सुटतं. देशात ९० टक्क्यांहून जास्त मुसलमान आहेत, आणि स्वातंत्र्यानंतर १९६० पासून १९८० अखेरपर्यंत राष्ट्राध्यक्ष होते लेओपोल्ड सेंगॉर, म्हणजे एक कॅथलिक कवी. त्यांचा सर्वांत भरवशाचा आधार होता मुरीद खलीफा फालिलू म्बाके, बाम्बांचा मुलगा. १९६२ च्या डिसेंबरात सेंगॉर आणि त्यांचे पंतप्रधान मामादू दिया यांची फाटली. दिया स्वतः निष्ठावंत मुसलमान. आता धर्म पाहून बाजू ठरत असती तर माराबू कुणाकडे गेले असते? पण दियांना गावोगाव सहकारी संस्था आणि शेतकऱ्यांची जागृती हवी होती, म्हणजे शेतकरी आणि सरकार यांच्या मधली माराबूची जागाच जाणार होती. फालिलू सेंगॉरच्या मागे उभे राहिले. दिया तुरुंगात गेले, ते १९७४ मध्ये सुटले. या फाटाफुटीच्या पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, तूबाच्या भव्य मशिदीचं उद्घाटन झालं. सहकारी संस्था आल्याच, पण बऱ्याच ठिकाणी त्यांच्या नाड्या माराबूंच्याच हातात गेल्या.

मात्र याला नुसता सौदा म्हणणंही चूक. फालिलूंच्या निधनानंतर १९६८ मध्ये गादीवर आलेले अब्दुल अहद वेगळ्या घडणीचे होते. त्या काळात भुईमुगाचे भाव पडले, दुष्काळ आला, सरकारी खरेदी यंत्रणेने शेतकऱ्यांना कर्जाच्या तगाद्याने पिळलं. शेतकरी भुईमूग सोडून घरच्यापुरती बाजरी पेरू लागले. अब्दुल अहद यांनी तेव्हा उघडपणे शेतकऱ्यांची बाजू घेतली, आणि सरकारला भावात आणि वसुलीत नमतं घ्यावं लागलं. जो खलीफा सरकारला नाही म्हणू शकतो त्याच्याच 'हो'ला किंमत असते. विद्यार्थ्यांना मी हे नेहमी सांगतो: एखाद्या धर्मगुरूची राजकीय ताकद मोजायची तर त्याने पाठिंबा किती वेळा दिला हे मोजू नका, नकार कधी दिला आणि तो पचवला का, ते बघा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. गुरूच्या आदेशाला वोलोफमध्ये 'न्दिगल' म्हणतात. अमुक दिवशी शेतावर या, मशिदीसाठी वर्गणी द्या, हेही न्दिगल, आणि अमक्याला मत द्या, हेही न्दिगल. १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अब्दुल अहद यांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अब्दू दियुफ यांच्यासाठी अगदी स्पष्ट न्दिगल दिलं. दियुफनी तूबाला रस्ते आणि दिवे दिले होते, आणि खलीफांचं म्हणणं असं की उपकाराची फेड झालीच पाहिजे. दियुफ निवडून आले. पण डाकारमध्ये 'सोपी', म्हणजे बदल, असं ओरडत तरुण रस्त्यावर उतरले, जाळपोळ झाली, आणीबाणी लागली, विरोधी नेते अब्दुलाय वाद यांना अटक झाली. त्या तरुणांत मुरीद थोडे नव्हते. गुरूचा शब्द आणि आपलं मत यांत त्यांना पहिल्यांदाच उघड निवड करावी लागली होती, आणि अनेकांनी मत निवडलं.

त्यानंतरच्या खलीफांनी धडा घेतला असावा असं माझं वाचन आहे. १९९० मध्ये गादीवर आलेल्या सालिऊ यांनी १९९३ च्या निवडणुकीत कुणाचंच नाव घेतलं नाही, पुढेही नाही. छोट्या माराबूंनी २००० मध्ये दियुफसाठी आदेश काढले, ते शिष्यांनीच हवेत उडवले. १९ मार्च २००० ला अब्दुलाय वाद जिंकले, समाजवादी पक्षाची ४० वर्षांची सत्ता गेली. वाद स्वतः मुरीद. निकाल लागताच ते तूबाला गेले आणि सालिऊंपुढे गुडघे टेकून बसले. तुम्ही लिहिलंय तो प्रसंग हाच. डाकारच्या सुशिक्षितांत त्यावरून केवढा गदारोळ झाला! धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताकाचा प्रमुख एका गुरूपुढे वाकतो म्हणजे काय? बाकीच्या पंथांनाही ते खटकलं. संख्येने मुरीदांपेक्षा मोठा असलेला तिजानी पंथ आहे, त्याची तिवावानची गादी आहे, त्यांनी काय समजायचं?

पण क्रम लक्षात घ्या. वाद गुडघे टेकून निवडून आले नाहीत, निवडून आल्यावर त्यांनी गुडघे टेकले. २०१२ मध्ये तर चित्र आणखी स्पष्ट झालं. शेख बेथियो त्यून या लोकप्रिय माराबूने दुसऱ्या फेरीआधी वाद यांना मत द्यायचा आदेश आपल्या शिष्यांना दिला. वाद मोठ्या फरकाने हरले. जिंकले माकी साल. माराबू हे इतरांसारखेच साधे नागरिक, या अर्थाचं त्यांचं विधान गाजलं होतं आणि त्यांना ते महागात पडेल असं भले भले म्हणत होते.

तेव्हा 'गुरू सांगतो म्हणून मत पडतं का' याचं माझं उत्तर असं: १९८० च्या दशकापर्यंत, गावात, बऱ्यापैकी हो. आज, शहरात, जवळपास नाही. अधलंमधलं सगळं गावावर, गुरूवर आणि उमेदवारावर अवलंबून.

क्षेत्रकामात मी एक काळजी घेतो. 'माराबू सांगेल त्याला मत देणार का' असं थेट कधी विचारत नाही. या प्रश्नाला शिष्य पाहुण्यापुढे मान डोलावून हो म्हणतो, त्यात अदब असते, माहिती नसते. त्याऐवजी विचारतो: मुलगा आजारी पडला तेव्हा पैसे कुणी दिले? इटलीला जायचा खर्च कुणी उचलला? भावाभावांचं जमिनीचं भांडण कुणी मिटवलं? उत्तरांत माराबूचं नाव किती वेळा येतं त्यावरून त्याच्या शब्दाचं वजन कळतं. डाकारच्या एका वस्तीत दाहिराच्या, म्हणजे शहरी शिष्यमंडळाच्या, बैठकीला बसलो होतो. आधी बाम्बांची अरबी पदं झाली, मग खजिनदाराने वही उघडली: कुणाची वर्गणी आली, कुणाची राहिली, कुणाच्या आईचं शव परदेशातून आणायला किती लागतील. दोन तास हिशेब चालला. निवडणूक तोंडावर असताना तिचा विषय निघाला तो चहा झाल्यावर, आणि बसलेल्यांत तीन पक्षांचे लोक निघाले. गुरू एकच, वही एकच, मतं तीन.

अशा दाहिरा आज न्यूयॉर्कमध्ये आहेत, इटलीत आहेत. भुईमुगाची जागा फेरीवाल्यांनी आणि मजुरांनी धाडलेल्या पैशाने घेतली आहे. म्हणून खलीफा आज सरकारी शेंगखरेदीवर पूर्वीइतका अवलंबून नाही, आणि म्हणूनच त्याला कुणासाठी मतं मागायची तेवढी गरज उरलेली नाही.

मग पंथाचं राजकारण संपलं का? मुळीच नाही, त्याने जागा बदलली. मार्च २०२१ मध्ये विरोधी नेते उस्मान सोंको यांच्या अटकेवरून देश पेटला, डझनभर जीव गेले. आंदोलकांचा पुढचा मोठा मोर्चा ठरला होता. खलीफा मुन्ताखा म्बाके यांचे दूत मध्ये पडले आणि मोर्चा पुढे ढकलला गेला. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये डाकारला पंथाची प्रचंड मोठी नवी मशीद उघडली, तेव्हा याच खलीफांनी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या माजी राष्ट्राध्यक्ष वाद आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष साल यांना हात मिळवायला लावले. सालांच्या राजवटीत वादांचा मुलगा तुरुंगात गेला होता, म्हणजे वैर किती खोल होतं ते समजा. न्यायालय, संसद, पक्ष सगळे असताना हे काम एका सुफी गुरूने करावं यात लोकशाहीची शोभा आहे की लाज, यावर माझे तिथले मित्रच दोन तट पाडून भांडतात. मला वाटतं दोन्ही आहे. रक्तपात टळतो हे खरं, पण कुणालाही जाब देणं लागत नसलेल्या माणसाकडे शेवटचा शब्द जातो, हेही खरं.

याची काळी बाजूही सांगायला हवी, नाहीतर उत्तर गोडगोड होईल. १९९१ मध्ये सरकारने म्बेगेच्या राखीव जंगलातली ४५,००० हेक्टर जमीन खलीफांना भुईमुगासाठी दिली. 'खेलकोम' म्हणतात तिला. शिष्य हजारोंनी कुऱ्हाडी घेऊन गेले आणि बघता बघता जंगल साफ झालं. तिथे गुरं चारणाऱ्या फुलानी पशुपालकांना बाहेर पडावं लागलं. त्यांच्या मागे ना खलीफा होता ना मंत्री. दुसरं उदाहरण स्त्रियांचं. २०१० च्या कायद्याने उमेदवार याद्यांत स्त्री-पुरुष समान हवेत. २०१४ च्या स्थानिक निवडणुकीत तूबाची यादी निव्वळ पुरुषांची निघाली आणि ती चालवून घेतली गेली. गंमत अशी की याच पंथाच्या एका शाखेची गादी सोखना मागात जोप या बाईंनी दीर्घकाळ सांभाळली होती, म्हणजे परंपरेत जागा नव्हती असं म्हणायची सोय नाही. तूबात दारू आणि तंबाखूला बंदी आहे. शहराची वेस आली की टॅक्सीवाला न सांगता सिगारेट विझवतो. लोकसंख्येत देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं हे शहर, आणि जमीन खलीफांची.

आता 'सुफी म्हणजे मवाळ' याबद्दल. सेनेगलचे मुरीद हिंसेपासून दूर राहिले, हे खरं आहे. पण ते सुफी असल्याचं फळ आहे, असं मी म्हणणार नाही. पाकिस्तानात तहरीक-ए-लब्बैक ही राजकीय संघटना बरेलवी परंपरेतली आहे, पीर, दर्गा, उरूस सगळं मानणारी. तिची उभारणीच झाली ती मुमताज कादरीच्या समर्थनातून. या कादरीने जानेवारी २०११ मध्ये पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना गोळ्या घातल्या होत्या. उलट मोरोक्कोचा बुतशिशी पंथ शांत आहे, पण राजकारणापासून लांब नाही. २०११ मध्ये राजाने मांडलेल्या नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ त्यांनी प्रचंड मोर्चा काढला होता.

आपल्याकडे मार्च २०१६ मध्ये दिल्लीत जागतिक सुफी परिषद भरली, पंतप्रधान तिथे बोलले, सुफी परंपरा म्हणजे दहशतवादाला उत्तर हा सूर होता. त्यात सहभागी झालेल्यांच्या हेतूंवर मी शंका घेत नाही. पण सरकार जेव्हा एखाद्या पंथाला 'चांगले मुसलमान' म्हणून व्यासपीठावर बसवतं, तेव्हा त्याची नकार देण्याची ताकद तेवढी कमी होते, आणि अनुयायांच्या नजरेत गुरूचं वजनही. सेनेगलमध्ये अब्दुल अहद सरकारला भावावरून नडले तेव्हा त्यांचा दरारा वाढला, १९८८ मध्ये सरकारसाठी मतं मागितली तेव्हा घटला. भारतातल्या कुठल्याही खानकाहीबद्दल (सुफी मठाबद्दल) किंवा संघटनेबद्दल तुम्हाला मत बनवायचं असेल, तर भाषणं बाजूला ठेवून तिथल्या अनुयायांना विचारा की गेल्या पाच वर्षांत तिच्यामुळे त्यांचं कुठलं काम झालं, आणि ती सरकारशी शेवटची कधी भांडली. दोन्ही प्रश्नांवर माणसं गप्प राहिली, तर तिच्या पाठिंब्याच्या पत्रकाने एका वॉर्डातलीही मतं हलायची नाहीत.